नवी ऊस ट्रॉली घेताय? बुकिंगच्या आधी टायर वाचायला शिका

दसरा जवळ आला की बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, अथणी, रायबाग, हुक्केरी, निपाणी या सगळ्या पट्ट्यात वर्कशॉपांमधलं वेल्डिंग रात्री उशिरापर्यंत चालू असतं. गळीत हंगामाच्या आधी ट्रॉली हातात पडायला हवी, म्हणून घाई असते. घेणारा माणूस चॅनेल किती जाड, पत्रा कसा, पाट्याला पानं किती, हे सगळं ठोकून बघतो. रंगावरून आणि नावाच्या अक्षरांवरून अर्धा तास बोलतो. टायरबद्दल मात्र एवढंच विचारतो, "नवीन आहेत ना?" तिकडून "नवीनच की" आलं की विषय संपला.

ट्रॉलीचा सगळा भार जमिनीवर टेकतो तो याच चार ठिकाणी. भरलेल्या ट्रॉलीचा टायर फुटला तर नुसता टायर जात नाही. रिम जाते, ट्रॉली एका बाजूला बसते, ऊस रस्त्यावर सांडतो, आणि रात्र असेल तर मागून येणारा मोटरसायकलवाला त्या अंधारातल्या ट्रॉलीवर येऊन आदळतो. आपल्या भागात हंगामात अशा बातम्या येतात आणि त्या वाचून कुणी टायरकडे बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून पहिल्यांदाच ट्रॉली घेणाऱ्यांसाठी हे सगळं क्रमाने लिहितो आहे. वर्कशॉप, टायरचं दुकान आणि आरटीओ या तिन्ही ठिकाणच्या फेऱ्या मारून झाल्यावरच लिहितो आहे.

जवळ काय काय ठेवायचं

हवा मोजायचं स्वतःचं मीटर, दहा मीटरची टेप, खडू, टॉर्च, ओलं फडकं, एखादं जुनं पोतं आणि फोटो काढायला मोबाईल. पोतं कशाला ते पाचव्या पायरीत कळेल. कागदांची यादी सातव्या पायरीत आहे.

१. आधी वजनाचा हिशोब करा

टायर कुठला हवा, हे ट्रॉलीवाला ठरवत नाही, वजन ठरवतं. दोन आकडे पाहिजेत: रिकाम्या ट्रॉलीचं वजन आणि भरून किती वजनाला मान्यता आहे ते. दोन्ही ट्रॉलीच्या आरसी बुकात असतात. तुमची ट्रॉली अजून बनायची असेल तर त्याच वर्कशॉपने त्याच मापाची आधी ज्याला दिली आहे त्याच्या आरसीची झेरॉक्स मागा. देतात.

आता हिशोब. समजा रिकामी ट्रॉली २,००० किलो आणि ऊस ७,००० किलो. एकूण ९,०००. चार चाकं असतील तर एका चाकावर २,२५० किलो. पण भार चारही चाकांवर सारखा कधीच पडत नाही. ऊस मागे जास्त रचला जातो, रस्ता कडेला उतरता असतो, खड्ड्यात एक चाक गेलं की त्या बाजूला सगळं वजन झुकतं. म्हणून निदान दहा टक्के जादा धरा. २,२५० चे झाले २,४७५. म्हणजे एका टायरची ताकद २,५०० किलोच्या खाली चालणार नाही.

आता त्याच ट्रॉलीत ऊसतोड टोळीने दहा टन ऊस रचला असं धरा. एकूण १२ टन, चाकाला ३,००० किलो. २,५०० चा टायर इथे वीस टक्के जादा भार घेऊन पळतो आहे. तो त्या दिवशी फुटेलच असं नाही. पण प्रत्येक खेपेला आतून सुटत जातो, आणि जानेवारीत कधीतरी रिकामी ट्रॉली परत येतानाही फुटतो. मग लोक म्हणतात, "रिकाम्या गाडीचा टायर फुटला, म्हणजे मालच खराब." माल खराब असूही शकतो, पण बऱ्याचदा त्याचं आयुष्य आधीच्या खेपांत संपलेलं असतं.

खरा भार बघायचा असेल तर धर्मकाट्यावर सगळी गाडी एकदम चढवू नका. आधी ट्रॉलीची पुढची चाकं काट्यावर आणि बाकी गाडी बाहेर, मग मागची चाकं. दोन आकडे मिळतात आणि कुठल्या एक्सलवर किती बसतंय ते दिसतं. कारखान्याच्या काट्यावर रांगेत हे करायला वेळ देणार नाहीत, गावाजवळच्या खासगी काट्यावर करा. दोन चाकी ट्रॉलीत काही भार हुकावर म्हणजे ट्रॅक्टरवर येतो, तिथे ट्रॉलीचा एक्सल काट्यावर घेऊन आलेला आकडा दोनाने भागा.

जादा भाराचा दंडही लक्षात असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या १९४ कलमात २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये असा दंड लिहिलेला आहे.

२. कोटेशनमध्ये टायर लिहून घ्या

"चार टायरसह" एवढंच लिहिलेलं कोटेशन घेऊ नका. त्यात कंपनी, माप, प्लाय, ट्यूब आणि फ्लॅप (ट्यूब आणि रिमच्या मधली रबरी पट्टी) नवे की जुने, टायर नवा की रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेला), आणि स्टेपनी धरून की वगळून, हे सगळं आलं पाहिजे. बहुतेक वेळा स्टेपनी धरलेली नसते. ती वेगळी घ्यायची तर त्याच मापाची आणि त्याच ताकदीची घ्या, घरात पडलेलं कुठलंतरी चाक रात्री दोन वाजता बसत नाही.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने विचारा: "टायर सोडून ट्रॉली कितीला?" हा प्रश्न वर्कशॉपवाल्याला आवडत नाही, पण त्यातून दोन गोष्टी कळतात. टायरचे त्याने किती धरले आहेत ते, आणि तुम्ही स्वतः टायर आणून दिले तर परवडतं का ते. मला विचाराल तर टायर स्वतः दुकानातून, स्वतःच्या नावच्या बिलावर घेतलेले बरे. थोडे पैसे जास्त जातात, पण वॉरंटी सरळ तुमच्या हातात येते. वर्कशॉपने बसवलेल्या टायरचं बिल वर्कशॉपच्या नावावर असतं आणि मार्चमध्ये ते शोधायला कुणाला वेळ नसतो.

३. टायरच्या बाजूवरचं लिखाण

टायरवर सगळं इंग्रजी अक्षरात उठवलेलं असतं. खडू फिरवला की उठलेली अक्षरं पांढरी होतात आणि फोटोतही स्पष्ट येतात.

माप: ९.०० – १६ असं असेल तर टायरची रुंदी साधारण नऊ इंच आणि रिम सोळा इंची. मधे आडवी रेघ असेल तर तो साधा, म्हणजे नायलॉनच्या आडव्या-तिडव्या थरांचा. रेघेच्या जागी आर असेल तर रेडियल. एका एक्सलवर एक साधा आणि एक रेडियल कधीच घालू नका. दोघांची लवण्याची रीत वेगळी असते, भार एकावर जातो आणि ट्रॉली एका बाजूला ओढते.

प्लाय रेटिंग: १२, १४, १६ पीआर असं लिहिलेलं असतं. आत तेवढे थर असतात असा बहुतेकांचा समज आहे, पण तसं नाही. जुन्या सुती थरांच्या काळातलं हे माप आहे. आजचे थर मजबूत असल्याने ते कमी असतात. १६ पीआर म्हणजे सोळा सुती थरांइतकी ताकद. एकाच मापात १२ आणि १६ असे दोन्ही मिळतात, बाहेरून सारखे दिसतात, आणि भार उचलण्यात बराच फरक असतो. कोटेशनमध्ये १६ आणि चाकावर १४, ही फसवणूक नेहमीची आहे.

भाराचा आकडा: हा सगळ्यात महत्त्वाचा. ठरलेल्या तक्त्याप्रमाणे आकड्याला किलो जोडलेले आहेत. १३० म्हणजे १,९०० किलो, १३५ म्हणजे २,१८०, १४० म्हणजे २,५००, १४४ म्हणजे २,८००, १४६ म्हणजे ३,०००, १५० म्हणजे ३,३५०. वरच्या हिशोबातल्या ट्रॉलीला १४० च्या खालचा टायर नको, हे यातून लगेच कळतं. काही ट्रॉली टायरवर हा आकडा नसतो, त्याऐवजी जास्तीत जास्त भार किलोत आणि त्यासाठी लागणारी हवा पौंडात सरळ लिहिलेली असते. ते वाचा. दोन्ही नसेल तर दुकानदाराकडून त्या कंपनीचा छापील तक्ता मागा, तोंडी आकडा घेऊ नका.

ट्रकच्या टायरवर दोन आकडे असतात. उदाहरणार्थ १०.०० आर २० या मापावर १४६/१४३ के. पहिला आकडा एकट्या चाकासाठी, म्हणजे ३,००० किलो. दुसरा जोडचाकासाठी, प्रत्येकी २,७२५. आपल्या ट्रॉलीला एकेरी चाक असतं, तेव्हा पहिला आकडा धरा.

तारीख: एका लांबट गोलात चार आकडे. ३२२४ म्हणजे २०२४ सालचा ३२ वा आठवडा, म्हणजे ऑगस्ट. नव्या ट्रॉलीला सहा-आठ महिन्यांपूर्वीचा टायर असला तर हरकत नाही. दोन-तीन वर्षं गोदामात पडून राहिलेला असेल तर नव्याच्या भावात घेऊ नका. रबर वापरलं नाही तरी वाळतं.

ट्रकच्या मापाच्या टायरवर आयएसआयचं चिन्ह आणि आयएस १५६३६ हा क्रमांक बघा. २००९ च्या केंद्राच्या आदेशाने व्यापारी वाहनांच्या टायरला ते सक्तीचं झालं आहे.

४. वेगाचं अक्षर: आपल्याकडे कुणी बघत नाही ते

भाराच्या आकड्यामागे एक अक्षर असतं. ते सांगतं की हा भार घेऊन हा टायर जास्तीत जास्त किती वेगाने पळू शकतो. शेतीच्या टायरवर बहुधा ए आणि त्यापुढे आकडा असतो: ए ६ म्हणजे तासाला ३० किलोमीटर, ए ८ म्हणजे ४०. पुढे बी ५०, सी ६०, डी ६५, ई ७०, एफ ८०, जी ९०, जे १००, के ११०, एल १२०, एम १३०.

"ट्रॅक्टर कुठे चाळीसच्या वर पळतो?" असं कुणीही म्हणेल. सपाटीला नाही पळत. पण आपला रस्ता सपाट नाही. संकेश्वरहून निपाणीकडे जाताना तवंदीचा घाट आहे, बेळगावकडे वंटमुरीचा घाट आहे. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडायची सवय फार लोकांना आहे. दोन भरलेल्या ट्रॉल्या मागून ढकलत असतात. मीटरचा काटा बंदच असतो, त्यामुळे वेग किती झाला ते चालकालाही कळत नाही. ए ८ चा टायर, मान्यतेच्या वर भार आणि पन्नासच्या पुढचा वेग, हे तिन्ही एकत्र येतं ते नेमकं घाटात, जिथे थांबवायला जागा नसते. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॉल्यांना ब्रेकही नसतो.

आत काय होतं ते समजून घ्या. टायर फिरताना जमिनीला लागलेला भाग दर फेऱ्याला दबतो आणि परत उठतो. त्या दबण्या-उठण्यातून उष्णता होते. वेग वाढला की फेरे वाढतात, भार वाढला की दबणं वाढतं, हवा कमी असेल तर दोन्हीचा परिणाम आणखी वाढतो. रबरातून उष्णता लवकर बाहेर जात नाही, ती नक्षी आणि बाजू जिथे मिळतात त्या खांद्यात साठते. तिथे थर एकमेकांपासून सुटतात, बाहेर फुगा दिसतो, आणि मग टायर फुटतो. साधा टायर रेडियलपेक्षा जास्त तापतो. म्हणून वेगाचं अक्षर हा शर्यतीच्या गाड्यांचा विषय नाही. टायर किती उष्णता सोसू शकतो, ते हे अक्षर सांगतं.

कमी वेगात टायर थोडा जास्त भार घेतो, हे खरं आहे आणि कंपन्यांच्या तक्त्यात ते दिलेलंही असतं. दुकानदार तुम्हाला ते सांगेल. पण ती सवलत कंपनीने सांगितलेल्या वेगाला आणि सांगितलेल्या हवेलाच लागू असते, घाट उतरताना नाही.

यातला सगळ्यात धोक्याचा प्रकार म्हणजे बैलगाडीचा टायर. आपल्याकडच्या डनलॉपच्या बैलगाडीला ६.००, ७.०० किंवा ८.०० – १९ मापाचे जे टायर असतात, त्यावर एडीव्ही अशी अक्षरं असतात. म्हणजे जनावराने ओढायच्या गाडीसाठी. बैलाच्या चालीला ते उत्तम आहेत. तेच टायर लावलेल्या गाड्या आता ट्रॅक्टरमागे एकाला एक जोडून पळवल्या जातात. छोटी ट्रॉली स्वस्तात मिळते म्हणून घेत असाल तर आधी ही तीन अक्षरं शोधा. दिसली तर ती ट्रॉली ट्रॅक्टरमागे लावू नका.

ट्रॉली सोडून दुसरं काही ओढणाऱ्यांसाठीही थोडं सांगतो. बेळगावहून चोर्ल्यामार्गे किंवा खानापूर-अनमोडमार्गे गोव्याला जीपमागे कॅम्पर किंवा खाण्याच्या गाडीचा डबा ओढत नेणारे आता दिसायला लागले आहेत. त्यांना ए ८ किंवा बीचा टायर मुळीच चालणार नाही. राष्ट्रीय महामार्गावर ऐंशीने जाणार असाल तर एफच्या बऱ्याच वरचं अक्षर घ्या. अमेरिकेत अशा डब्यांसाठी खास टायर असतात, त्यावर एसटी लिहिलेलं असतं. अक्षर नसलेल्या जुन्या एसटी टायरला ताशी ६५ मैल म्हणजे साधारण १०५ किलोमीटर ही मर्यादा धरली जाते. आता एल किंवा एम लिहिलेलेही मिळतात. तिथेही नव्या कॅम्परला जेमतेम भार पेलणारे स्वस्त टायर लावून विकायची तक्रार होतीच, म्हणून तिथल्या उत्पादकांच्या संघटनेने २०१७ पासून दहा टक्के जादा ताकदीचा नियम आणला. वर मी दहा टक्के धरायला सांगितलं, त्यामागचा विचारही तोच आहे.

५. ट्रॉलीखाली पोतं टाका आणि आत जा

डिलिव्हरीच्या दिवशी हे केल्याशिवाय बाकीचे पैसे देऊ नका. तारखेचा गोल टायरच्या एकाच बाजूला असतो, आणि तो बहुतेक वेळा आतल्या बाजूला बसवलेला सापडतो. बाहेरून चारही चाकं सारखी दिसतात. आमच्या ट्रॉलीच्या वेळी चारही टायर बाहेरून एकाच कंपनीचे, चकचकीत. खाली शिरून टॉर्च मारला तर पुढच्या दोनांची तारीख त्याच वर्षाची आणि मागच्या दोनांची तीन वर्षं आधीची निघाली. मागच्या दोनांना काळा रंगही जाड लावला होता. "अण्णा, टायर कंपनीचाच हाय की," मिस्त्री म्हणाला. कंपनीबद्दल वाद नव्हताच. तारीख दाखवल्यावर त्याने मागचे दोन बदलून दिले, कारण कोटेशनमध्ये लिहिलेलं होतं.

तपासताना हे बघा. ओल्या फडक्याने बाजू पुसा. काळा रंग फडक्याला आला तर तो का लावलाय ते शोधा. अंगठ्याने रबर दाबून ताणा, बारीक केसासारख्या भेगा उघडतात का बघा. त्या नक्षीच्या खाचांच्या तळाशी आणि रिमजवळ आधी पडतात. खांद्यावर बारीक जोडरेघ गोल फिरलेली असेल, नक्षी अगदी नवी पण बाजूची अक्षरं झिजलेली असतील, तर तो रबर चढवलेला टायर आहे. रिमोल्ड टायर चांगल्या ठिकाणी केलेला असेल तर सपाट रस्त्यावर रिकाम्या-भरल्या खेपा काढतो, मी त्याला सरसकट नावं ठेवत नाही. पण तो नव्याच्या भावात घ्यायचा नाही, आणि तवंदी उतरणाऱ्या ट्रॉलीला तर नकोच.

चारही टायरचे नंबर, मापं आणि तारखा यांचे फोटो काढा. ट्रॉलीचा चॅसिस नंबरही त्याच वेळी टिपून घ्या.

६. रिम, हब आणि एक्सल सरळ आहे का

नवा टायर एका हंगामात एका बाजूने खाल्ला गेला तर दोष टायरचा नसतो, एक्सल तिरका वेल्ड झालेला असतो. बघायची पद्धत सोपी आहे. दोन चाकी ट्रॉलीत हुकाच्या पिनपासून डाव्या हबच्या मधोमध टेप लावा, मग उजव्या. दोन्ही अंतर सारखं आलं पाहिजे. चार चाकीत पुढचा एक्सल सरळ ठेवून डावीकडचं पुढच्या-मागच्या हबमधलं अंतर आणि उजवीकडचं अंतर मोजा. बोटभर फरक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून मागा; हंगाम सुरू झाल्यावर वर्कशॉपला हात लावायला वेळ नसतो. आमचा एक्सल मोजायला टेपचं दुसरं टोक धरून वर्कशॉपमधलाच पोरगा उभा राहिला होता, त्यामुळे पुढे वादच झाला नाही. हे जरूर करा.

चाक उचलून हाताने फिरवा. रिम डुलते का, हबमधून आवाज येतो का, ते लगेच कळतं.

७. कागद

टायरसाठी:
- तुमच्या नावचं जीएसटी बिल, त्यात टायरची कंपनी, माप, प्लाय आणि प्रत्येक टायरचा नंबर
- वॉरंटी कार्ड, दुकानाच्या शिक्क्यासह

ट्रॉलीच्या नोंदणीसाठी:
- फॉर्म २० (नोंदणीचा अर्ज), फॉर्म २१ (विक्रीचा दाखला), फॉर्म २२ (रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा उत्पादकाचा दाखला)
- त्या मॉडेलला तपासणी संस्थेची मान्यता असल्याचं प्रमाणपत्र
- विमा
- आधार, रहिवासाचा पुरावा, फोटो
- ट्रॅक्टरची आरसी
- शेतीचा उतारा

मान्यतेच्या प्रमाणपत्राबद्दल बुकिंगच्या वेळीच विचारा. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था ट्रॉलीचं मॉडेल तपासून मान्यता देतात. त्या कागदात टायरचं मापही असतं. प्रमाणपत्र नसलेल्या वर्कशॉपची ट्रॉली स्वस्त मिळते, पण आरटीओत नोंदणी अडते. आणि मान्यतेत एक माप, चाकावर दुसरं, असं असेल तर अपघातानंतर विम्याच्या दाव्यात प्रश्न विचारला जातो.

कोल्हापूर-इचलकरंजीकडून ट्रॉली आणत असाल तरी नोंदणी तुमच्या राहत्या पत्त्याच्या आरटीओत, म्हणजे बेळगावला केए २२, चिकोडीला केए २३, गोकाकला केए ४९. तात्पुरती नोंदणी करूनच सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडे, म्हणजे कर्नाटकात आणा. कर्नाटकातले अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत असतात. भरून द्यायला माणूस घेतलात तरी वजनाचे आणि टायरच्या मापाचे रकाने स्वतः आकडा बघून तपासा, आकडा कुठल्याही लिपीत कळतो. आरसीवर चुकलेलं वजन पुढे दुरुस्त करून घेणं फार किचकट आहे.

वॉरंटी बनवण्यातल्या दोषासाठी असते. जादा भार, कमी हवा, कापलेला टायर यात ती मिळत नाही, आणि मिळते तेव्हाही झिजलेल्या नक्षीच्या प्रमाणात रक्कम कापून. तरीही बिल जपून ठेवा.

८. पहिल्या खेपा

हवा गाडी थंड असताना, सकाळी निघायच्या आधी मोजा. तापलेल्या टायरमधली हवा जास्त दाखवते, ती कमी करायची नाही. पंक्चरवाल्याच्या मीटरवर विसंबू नका, स्वतःचं ठेवा. आपल्याकडे हातोडी मारून आवाजावरून हवा सांगणारे अनुभवी लोक आहेत, पण भरलेल्या ट्रॉलीच्या टायरमध्ये वीस टक्के कमी हवा आवाजावरून कळत नाही.

पहिल्या भरलेल्या खेपेनंतर चाकाचे सगळे नट परत कसा, समोरासमोरचे एकामागून एक. नव्या रिमवरचा रंग दबून नट सैल होतात. हा पाच मिनिटांचा उद्योग चुकवू नका.

कारखान्यावर नंबराला ट्रॉली भरून रात्रभर, कधी त्याहून जास्त उभी राहते. नंबर लागला की लगेच गाडी हलवायची घाई असते. त्याआधी चारही चाकांभोवती एक चक्कर मारा: एखादा टायर बसला आहे का, बाजूला फुगा आहे का, उसाचा बुडखा रुतला आहे का. तोडलेल्या फडात गाडी घातल्यावर बुडखे टायरच्या बाजूला लागतात, आणि बाजूला पडलेला काप भरून येत नाही. दोर दिसण्याइतका काप असेल तर तो टायर भरलेल्या ट्रॉलीला ठेवू नका.

तापलेल्या टायरचा वास येतो, रबर जळाल्यासारखा. आला तर गाडी बाजूला घ्या, थांबा, टायर आपोआप थंड होऊ द्या. पाणी ओतू नका.

रस्त्यात टायर बदलावा लागला तर आधी मागे बऱ्याच अंतरावर रेडियम लावलेला त्रिकोण किंवा फांद्या ठेवा, माणूस बॅटरी घेऊन उभा करा. आणि चाक बदलून झाल्यावर चाकाला लावलेले दगड उचलून रस्त्याच्या बाहेर टाका. हे दगड रस्त्यात सोडून जाण्याने किती लोकांचे पाय मोडले आणि किती जण गेले, ते आपल्या गावागावात माहीत आहे.

९. हंगाम संपल्यावर

मार्च-एप्रिलमध्ये ट्रॉली धुऊन ठेवा. उसाचा रस आणि ग्रीस टायरवर वाळू देऊ नका. शक्य असेल तर एक्सलखाली लाकडी ठोकळे देऊन चाकं जमिनीपासून सुटी करा. नाहीतर महिन्यातून एकदा ट्रॉली थोडी पुढे-मागे करा, म्हणजे एकाच जागी भार राहत नाही. उन्हाच्या बाजूच्या चाकांवर जुनी पोती टाका. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात उघड्यावर पडलेल्या ट्रॉलीच्या टायरला हंगामात पडणार नाहीत एवढ्या भेगा पडतात.

सप्टेंबरमध्ये परत बाहेर काढताना नक्षीच्या खाचेत असलेली छोटी उठावाची खूण बघा, बाजूला टीडब्ल्यूआय लिहून तिची जागा दाखवलेली असते. नक्षी झिजून त्या खुणेच्या बरोबरीला आली असेल तर टायर संपला. एकच बदलायचा असेल तर त्या एक्सलवरचे दोन्ही बदला आणि काढलेला चांगला टायर स्टेपनीला ठेवा.